घरच्या बिअरला बाटलीत गॅस धरत नाहीये, मदत हवी आहे (शनिवारच्या आत)

उत्तरवारा (सोमवार)
घरी केलेली बिअर बाटल्यांत भरली, पण गॅसच धरत नाही. काल एक उघडली तर फुस्स एवढाही आवाज नाही, चव गॅस गेलेल्या सोड्यासारखी. कृतीत लिहिलं होतं तसंच सगळं केलंय, साखरही घातली होती. शनिवारी धाकटा भाऊ पुण्याहून पहिल्यांदाच इकडे येतोय, त्याला माझ्या हातची पाजायची फार इच्छा आहे. प्रत्येक बाटली उघडून अर्धा चमचा साखर घालू का? लवकर सांगा.

आंबटगोड
साखर अजिबात घालू नका! आधी हे सांगा: किती लिटर? किती साखर, कशी मिसळली? भरून किती दिवस झाले? बाटल्या कुठे आहेत?

केगवाला
बाटल्यांचा नाद सोडा. मी चार वर्षं बाटल्या धुण्यात घालवली. केग (बिअरचं धातूचं पिंप) घेतला, गॅसचा सिलिंडर जोडला, आता हवा तेवढा गॅस मिळतो.

उत्तरवारा
केगचं नंतर बघेन हो, आत्ता भरलेल्या बाटल्यांचं काय करू?

कोकणकडा
घाला की साखर. आम्ही आल्याची जिंजर बिअर करतो, चमचाभर साखर टाकली की दोन दिवसांत बाटली कडक.

आंबटगोड
कोकणकडा, तुमची बाटली प्लॅस्टिकची ना? ती फुगलेली हाताला कळते. काच काहीच कळू देत नाही, सरळ फुटते. माझ्या कपाटात एक फुटली तेव्हा काचेचा तुकडा दारात रुतला होता. घरात तेव्हा दोन वर्षांची मुलगी होती. कळकळीने सांगतोय, असा सल्ला देऊ नका.

कोकणकडा
बरं, काचेचं लक्षात आलं नव्हतं.

मोगरा
ग्लास साबणाने धुता का? साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. गरम पाण्याने विसळून उपडे ठेवून वाळवा.

उत्तरवारा
मोगराताई, फेस पुढची गोष्ट, झाकण काढताना आवाजच नाही.
घाईत राहिलं, आता सांगतो. ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर. साखर ४ औंस, पाण्यात उकळून बादलीतल्या बिअरवर ओतली. हवा मिसळू नये म्हणून ढवळलं नाही. भरून ९ दिवस झाले. बाटल्या बेसमेंटमध्ये.

आंबटगोड
कुठलं गाव? बेसमेंटचं तापमान?

उत्तरवारा
मिनेसोटा, अमेरिका. थर्मोस्टॅट ६८ फॅरेनहाइटवर आहे.

आंबटगोड
तो वरच्या मजल्यावरचा. बाटल्यांशेजारी थर्मामीटर ठेवून सांगा.

उत्तरवारा
५६ दाखवतोय.

आंबटगोड
सापडलं. ५६ फॅरेनहाइट म्हणजे जेमतेम १३ सेल्सिअस. साखर खाऊन गॅस करतं ते यीस्ट, आणि एल (उबेत आंबवायची बिअर) प्रकारचं यीस्ट एवढ्या थंडीत तळाशी जाऊन झोपतं. त्याला २० ते २२ सेल्सिअस आणि दोन ते तीन आठवडे द्या. साखर पुरेशी आहे: लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर पडली की बिअरच्या आकारमानाएवढा गॅस तयार होतो. तुमची ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम, लिटरला सुमारे ६. आधीचा विरघळलेला गॅस धरून दोन-सव्वादोन पट होतो, एलला तेवढा छान. वर अजून अर्धा चमचा घातला असता तर लिटरमागची साखर जवळपास दुप्पट झाली असती.

बाटल्या वर गरम खोलीत आणा. एकेक हळूच उलटसुलट करा, म्हणजे तळाचं यीस्ट पसरेल. सगळ्या झाकण असलेल्या खोक्यात ठेवा, वर जाड टॉवेल. काळजी एकाच गोष्टीची आहे, तुम्ही ढवळलं नाही. पाक जड, तळाशी बसतो, आणि बादलीचा नळही तळाशीच. पहिल्या भरलेल्या बाटल्यांत जास्त साखर गेली असणार. भरताना बाटल्यांवर क्रमांक टाकले होते का?

उत्तरवारा
नाही.

भटका_पुणेकर
हे पुण्यात घरी करता येईल का?

केगवाला
नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, घरी पिण्यापुरती असली तरी. अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने मोकळीक मिळाली: घरात दोन सज्ञान असतील तर वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही.

भटका_पुणेकर
आणि कोकमाचं आंबवून काही करता येतं का?

आंबटगोड
त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

उत्तरवारा (रविवार)
भाऊ आला. बाटल्या पाच दिवस हीटरच्या खोलीत होत्या, शुक्रवारी रात्री चार फ्रिजमध्ये ठेवल्या. पहिल्या दोन उघडताना बारीक फुस्स झालं, बुडबुडे आले, पण अजून सौम्य. त्याला आवडली, दुसरा ग्लास त्याने स्वतःहून मागितला! तिसरी अजून सपक. चौथी उघडली तर अर्धी बाटली फेस होऊन टेबलावर आली. ही आधी भरलेल्यांपैकी असेल का?

आंबटगोड
बहुतेक तीच. अशा अजून असणार, आणि कुठल्या ते बाहेरून कळणार नाही. आजच सगळ्या फ्रिजमध्ये हलवा, थंडीत यीस्ट थांबतं. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खोकं टॉवेलसकट उचला, आणि भावाला खोलीबाहेर थांबायला सांगा. दोन दिवसांनी, पूर्ण गार झाल्यावर, एकेक उघडा. सौम्य राहतील त्या तशाच प्या.

उत्तरवारा
आत्ताच हलवतोय.