सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुर्बीण टाळू नका
वडिलांना न दुखता लघवीतून रक्त गेलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, मग दुर्बिणीची तपासणी (सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयाच्या आत दुर्बिणीने पाहणं) कशाला, असं तुम्ही विचारलंय. कृपया ती टाळू नका. मूत्राशयाच्या कर्करोगाचं नेहमीचं पहिलं लक्षण हेच, आणि रक्त मध्येच आपोआप थांबतंही. लहान किंवा सपाट गाठ सोनोग्राफीत निसटते. लघवीची सायटॉलॉजीही, म्हणजे लघवीतल्या पेशींची तपासणी, कर्करोगाच्या सौम्य प्रकारात बऱ्याचदा निगेटिव्ह येते. माझ्या काकांची सिस्टोस्कोपी ओपीडीतच झाली: भूल देणारी जेली, पाच-सात मिनिटं, आणि पडद्यावर गुलाबी अस्तरावर शेवाळासारखा हलणारा झुबका. नंतर दिवसभर जळजळ झाली, एवढंच. पक्कं निदान मात्र गाठ खरवडून काढल्यावर बायॉप्सीतच होतं. तुकड्यात स्नायूचा थर आलाय का, हे आवर्जून विचारा. कर्करोग किती खोल गेलाय ते त्यावरूनच कळतं. वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.