मदत हवी आहे: चुकीच्या घरी रेड पडली, आमचा कुत्रा शिपायाला चावला, आता त्याला उचलून नेतील का?

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहून राहिलो, मोबाईलवरून टाइप करतोय, शुद्धलेखनाकडे पाहू नका. लांब झालंय पण पूर्ण वाचा, आणि ज्यांना पोलिसातलं, कोर्टातलं किंवा जनावरांच्या दवाखान्यातलं कळते त्यांनी तर नक्कीच वाचा.

वर्धा जिल्ह्यातलं खेडं आहे. गाव आणि ठाणं लिहित नाही, का ते समजून घ्या. घरात मी, बायको, आई (वय ७२) आणि सातवीतली पोरगी. सात एकर वावर, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, एका तुकड्यात हरभरा. आणि टिप्या. टिप्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, साडेचार वर्षांचा, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिप्या. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्यांची लाईन लागली होती तेव्हा एका गाडीखाली सापडला, मी कापसाचा चुकारा घेऊन घरी आलो आणि पोरगी थैलीतून पिल्लू घेऊन. तेव्हापासून आहे. रात्री मोकळाच असतो, दिवसा छपरीत झोपते, आजपर्यंत कोणाला चावला नाही. भुंकते खूप, ते खरं आहे.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या शुक्रवारी पहाटे पावणेचारला फाटक जोरात हललं आणि टिप्या असा भुंकला की मी झोपेतच समजलो की हे रानडुक्कर नाही, माणूस आहे. टॉर्च घेऊन बाहेर येईपर्यंत आवारात सहा-सात जण, दोघं खाकीत बाकी सगळे साध्या कपड्यात, तोंडाला रुमाल (थंडी होती), मला वाटलं चोर. मी ओरडलो "कोण आहे बे" आणि तेवढ्यात एक जण गुरांच्या कोठ्याकडे धावला आणि टिप्यानं त्याच्या पिंडरीला (पोटरीला) धरलं. दुसऱ्यानं टिप्याच्या मागच्या पायावर काठी हाणली. तो आवाज अजून कानात आहे माझ्या. मग कोणीतरी म्हणालं "पोलीस आहो, पोलीस, कुत्रं आवर" आणि जे मोठे साहेब होते त्यांचा हात कमरेला गेला, "आवरतं का घालू गोळी". मी खाली बसलो आणि टिप्याला दोन्ही गुडघ्यांच्या मधात दाबून धरलं. त्याचं अंग थरथरत होतं की माझं ते मला सांगता येणार नाही.

तर ती दारूची रेड होती. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि गावात दारू विकते कोण हे सगळ्या गावाला माहीत आहे, ठाण्याला नसेल असं नाही. त्यांना बातमी मिळाली होती "निंबाजवळचं कवेलूचं घर, मागं कोठा, कोठ्यात ड्रम". आता आमच्या लाईनीत निंब तीन आणि कवेलूची (कौलारू) घरं चार. आणि कोठ्यात ड्रम आमच्याही होताच, दोनशे लिटरचा निळा. जीवामृताचा, म्हणजे पिकाला सोडायच्या घरच्या पातळ खताचा! दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, हरभऱ्याला सोडायसाठी टाकलं होतं, पाचवा दिवस, वर मस्त फेस आलेला. गुळाचा आंबूस वास, त्यांना वाटलं सडवाच (दारू गाळायसाठी सडवलेला माल) आहे. एकानं झाकण काढून तोंड आत घातलं, वास घेतला आणि तसाच मागं सरकला, "सायेब, शेण हाये ह्याच्यात". तरी ड्रम आडवा केलाच. सगळा कोठा भरला. बायको सकाळी दोन तास खराट्यानं लोटत होती.

घरझडती घेतली, कोठी, दिवाण, आईची पेटी सुद्धा, काही मिळालं नाही. जाताना एका कागदावर माझी सही घेतली, चष्मा नव्हता आणि टॉर्चच्या उजेडात काय वाचणार, मी केली सही. कॉपी दिली नाही. कोणी "चुकलं" असंही म्हटलं नाही, पण जाऊ द्या, ती अपेक्षा मी करतही नाही.

खरी भीती दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. दुपारी एक जमादार मोटरसायकलवर आले. म्हणाले, "कुत्र्याले ठाण्यात आणून दे, नाईतर गाडी पाठवतो. पिसाळेल असन तर संपवाच लागन. आन् म्हातारीलेही आण, जबाब घ्याचा हाय." संध्याकाळी शेजारचा एक जण सहज सांगून गेला की "तुह्या कुत्र्याचं काही खरं नाही बावा, भाकरीत टाकून देतीन कोणी". हा शेजारी का म्हणून हे सांगायला आला ते बायकोला बरोबर समजलं आहे, पण गावात राहायचं आहे म्हणून आम्ही गप्प.

मी घाबरून टिप्याला वावरातल्या झोपडीत नेऊन बांधला. पण तिथंही जीव लागत नाही, बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आमच्या शिवारापासून लांब नाही आणि बिबट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे ताटात वाढल्यासारखंच. दोन रात्री मी स्वतः शेकोटी करून तिथं झोपलो. तिसऱ्या रात्री परत घरी आणला. आता आतल्या खोलीत पोरीच्या खाटेखाली असते. मागचा उजवा पाय टेकत नाही. सूज आहे. काल माझ्याकडची दुखीची गोळी अर्धी द्यावी म्हणत होतो, बायकोनं देऊ दिली नाही.

रेबीजचं इंजेक्शन झालेलं आहे, २८ सप्टेंबरला तालुक्याच्या दवाखान्यात फुकट शिबिर होतं तिथं टोचून आणला होता, पण त्याचा कागद पोरीच्या वहीत होता आणि ती वही रद्दीत गेली बहुतेक.

तर पोलीस असा कुत्रा नेऊ शकतात का? मारू शकतात का? मी ठाण्यात जाऊ की नको, गेलो तर टिप्याला घेऊन जाऊ का? आईला जावंच लागेल का, तिला बस लागते. त्या सहीचं काय करू? आणि एक स्पष्ट सांगतो, मला पोलिसांविरुद्ध काही काढायचं नाही. रेड पडली पाहिजे, आमच्या गावातले दोन जण दारूनंच गेले. फक्त कुत्रा वाचला पाहिजे. घाईत आहे, प्लीज.

कापूसकोंड्या
भाऊ, हसू नये पण जीवामृतावर रेड पडल्याचं पहिल्यांदाच ऐकलं. त्या शिपायाला पुढच्या वेळी दशपर्णीचा (दहा झाडांचा पाला सडवलेल्या फवारणीच्या औषधाचा) ड्रम दाखवजा, परत गावात येणार नाही. बाकी टिप्याची काळजी घ्या. त्या शेजाऱ्याकडून आलेलं काही खाऊ घालू नका आणि आवारात पडलेले तुकडे रोज सकाळी झाडून टाका.

जमादार (रिटायर, यवतमाळ)
तीस वर्षं खात्यात काढली म्हणून सांगतो. तो जमादार तुम्हाला तोंडी बोलून गेला, हातात कागद दिला का? नाही ना. मग घाबरू नका, पण लपूनही बसू नका. लपलं की माणूस गुन्हेगार दिसते. उद्या सकाळी दहाच्या पुढं एकटे जा, कुत्रा नेऊ नका. सोबत पोलीस पाटलाला घ्या. अर्ज लिहून न्या, दोन प्रती, काय झालं ते साध्या भाषेत, तारीख वेळ टाकून, "माझ्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे, दहा दिवस घरी बांधून निगराणीत ठेवतो" हे वाक्य त्यात पाहिजेच. आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. भांडू नका. साहेब नसले तर ठाणे अंमलदाराकडे द्या. आणि शिपायाची विचारपूस करा, मनापासून करा.

वकीलताई अमरावती
जमादार साहेबांचं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते.

कुत्रा मारण्याचा अधिकार पोलिसांना असा सरसकट नाही. अंगावर धावून आलेल्या जनावरापासून त्या क्षणी स्वतःला वाचवणं वेगळं आणि दोन दिवसांनी घरून नेऊन संपवणं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे त्या भाकरीवाल्या शेजाऱ्यालाही लागू होते, अर्जात शेजाऱ्याचं नाव न घेता "विषबाधेची भीती आहे" एवढं टाकाच. पण दुसरी बाजूही ऐका: पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा हे कलम २९१ तुमच्यावर लागू शकते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जामीनपात्र आहे. म्हणून "तो चावलाच नाही" असं काही लिहू नका. फाटक बंद होतं, पहाट होती, ओळख दिली नव्हती, हेच तुमचं म्हणणं.

आईंना ठाण्यात जायची गरज नाही. बाईमाणसाला जबाबासाठी राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे बोलावता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७९. घरी येऊन घ्या म्हणावं, नम्रपणे.

सहीचं: वॉरंटशिवाय झडती घेतली तर कारण लिहून ठेवावं लागते आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे जाते. घरमालकानं तिथं अर्ज केला की प्रत फुकट मिळते (त्याच सुरक्षा संहितेचं कलम १८५). वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, हेल्पलाईन १५१००.

खाकीतलं घर
माझे मिस्टर पोलिसात आहेत म्हणून लिहिते, राग मानू नका. सगळे कुत्र्याबद्दलच बोलून राहिले. त्या शिपायाला पाच इंजेक्शनं घ्यावी लागतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. ड्युटी सांभाळून. त्याच्या घरी पण पोरगी असेल. रेडच्या आधी घर नीट पाहून घ्यायला पाहिजे होतं हे मान्य, पण बातमी चुकीची देणारा वेगळाच असते आणि शिव्या खाते शिपाई. काठी का मारली, तर सोबत्याचा पाय कुत्र्याच्या तोंडात होता म्हणून मारली. तुम्हीही तेच केलं असतं.

गुराढोरांचा डॉक्टर
सगळ्यात आधी: माणसाची दुखीची गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याची किडनी जाते, पोटात रक्तस्राव होते. वहिनींनी वाचवलं त्याला.

लसीचा कागद हरवला तरी दवाखान्याच्या रजिस्टरला नोंद असते. शिबिराची तारीख सांगा, डॉक्टरांकडून शिक्क्याचा दाखला घ्या आणि त्याची झेरॉक्स अर्जाला जोडा. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, खात-पीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. म्हणून कुत्रा जिवंत राहणं हे त्या शिपायाच्याही फायद्याचं आहे. हे ठाण्यात नक्की सांगा, मारून टाकला तर त्यांनाच काही कळणार नाही. भटक्या कुत्र्यांच्या २०२३ च्या नियमांतसुद्धा पिसाळल्याचा संशय असलेल्याला वेगळं ठेवून पाहायचं आहे, काठीनं संपवायचं नाही. पायाचं म्हणाल तर टेकतच नाही म्हणजे फ्रॅक्चर असू शकते. १९६२ ला फोन लावा, फिरती गाडी येते तुमच्याकडे.

धागाकर्ता (पाच दिवसांनी)
सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहू शकत नाही. खाकीतलं घर ताई, तुमचं मला लागलं, बरोबर लागलं.

दवाखान्यात रजिस्टर उघडलं तर पोरीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं "टिप्या, नर, रंग तांबडा". शिबिराच्या दिवशी गर्दी होती म्हणून कंपाउंडरनं तिलाच लिहायला बसवलं होतं. दाखला मिळाला. पोलीस पाटील आधी का-कू करत होते, मग आले. ठाण्यात मोठे साहेब नव्हते, अर्ज घेतला, शिक्का मारायला पाऊण तास लावला, पण मारला. आईच्या जबाबाचं कोणी काढलंच नाही. तो शिपाई तिथंच होता, पायाला पट्टी, गोंदियाकडचा पोरगा, पंचवीस-सव्वीसचा असेल. मी माफी मागितली तर म्हणते, "काका, तीन इंजेक्शनं झाली. कुत्रा जेवते का पण?" मी म्हटलं जेवते. म्हणे मग ठीक आहे, दहा दिवस रोज फोन करून सांगत जा. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन करतो, जेवला, पाणी प्याला, शेपटी हलवते. रेडच्या दिवसापासून मोजून पोरगी कॅलेंडरवर फुल्या मारते, आज नववी फुली.

ज्या घरी जायला पाहिजे होतं तिथं अजून रेड पडलेली नाही. यावर मी काही बोलत नाही.

आता डॉक्टर साहेब, १९६२ ची गाडी येऊन गेली, त्यांनी तात्पुरतं बांधून दिलं आणि एक्स-रे साठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या म्हणाले. मालवाहू सांगितली तर अठराशे म्हणते. एसटीत पाय बांधलेला कुत्रा घेऊन बसू देतात का, आणि तिथं ओपीडी किती वाजेपर्यंत असते, कोणी नेलं असेल तर सांगा. परवा कापूस वेचायला बाया सांगितल्या आहेत, त्याच्या आधी जाऊन यावं म्हणतो.