मदत हवी आहे: ‘नॉक-ऑन इफेक्ट’ला स्लोव्हाकमध्ये काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

मी स्लोव्हाकियात नित्रा इथे राहते. 2018 पासून टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना इथे सुरू आहे, त्यामुळे गावात मराठी बोलणं अधूनमधून कानावर पडतं. मी मात्र सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे. नव्या कामगारांसाठी भिंतीवर लावायचा सूचनांचा कागद इंग्रजीतून स्लोव्हाकमध्ये करायचं काम माझ्याकडे आलंय आणि एका वाक्यावर तीन दिवस अडकलेय.

वाक्याचा आशय असा: लाइनवरच्या एका स्टेशनवर, म्हणजे कामाच्या एका ठिकाणी, 40 सेकंद उशीर झाला, तर त्याचा पुढच्या स्टेशनांवर ‘नॉक-ऑन इफेक्ट’ होतो. मराठीत मी सरळ ‘पुढे पडसाद उमटतात’ म्हणून मोकळी झाले असते.

शब्दकोशात पहिला सापडतो ‘दोमिनोवी एफेक्त’. तो लिहून लाइनवरच्या पन्नाशीतल्या एका बाईंना वाचायला दिला. त्या तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, “चो स्पाद्लो?” म्हणजे, काय पडलं? त्यांचं बरोबरच आहे. डॉमिनोत सगळं कोसळतं, इथे तर नुसतं रेंगाळतं. ‘रेत्याझोवा रेआक्त्सिया’, म्हणजे साखळी प्रक्रिया, त्याहून भडक. ‘वेद्ल्यायशी ऊचिनोक’ औषधाच्या चिठ्ठीवरचा. मग ‘दोपात’ लिहिला, तर माझ्या भाषेच्या शिक्षिकेने त्यावर लाल गोल केला. हा शब्द सर्रास ऐकू येतो, पण त्याचा मूळ अर्थ आदळणं, म्हणून ‘परिणाम’ या अर्थी तो जाणकारांना खटकतो. त्याजागी ‘दोसाह’ (व्याप्ती) किंवा ‘व्प्लिव’ (प्रभाव) लिहा म्हणतात.

आता उरलं ‘नेप्रियामे द्वोस्लेत्की’, अप्रत्यक्ष परिणाम. अर्थ चुकत नाही, पण सरकारी अहवाल वाचल्यासारखं वाटतं. पहाटेच्या पाळीला आलेल्या माणसाला एका नजरेत कळायला हवं हो. कुणी सुचवेल का?

प्रतिसाद:
ताई, नाम शोधणं सोडा, क्रियापद घ्या. स्लोव्हाकमध्ये ‘प्रेयावित् सा’ आहे, म्हणजे दिसून येणं, जाणवणं. ‘ओमेश्कान्ये ना येद्नोम स्तानोविष्ती सा प्रेयावी आय ना द्याल्शीख.’ एका ठिकाणचा उशीर पुढच्या ठिकाणीही जाणवतो, बस्स. मी ब्रातिस्लाव्हात दहा वर्षं भाषांतरं करतोय. इंग्रजी जिथे नाम ठेवते तिथे या भाषेत बहुतेक वेळा क्रियापदानेच सुटका होते. आणि ‘नास्लेदोक’कडे वळू नका. अपघात, आजारपण यांच्या मागे राहतं ते ‘नास्लेत्की’ (त्याचंच अनेकवचन), 40 सेकंदांसाठी फार जड होईल.

धागाकर्ती:
मनापासून आभार! ‘आय’ या एवढ्याशा शब्दानेच ‘पुढेही’ आलं, तेच मला सापडत नव्हतं. आज सकाळी त्याच बाईंना नवा कागद दिला. न अडखळता वाचला आणि विचारलं, “मग पुढच्याला सांगायचं कुणी?” मूळ इंग्रजी कागदात ते लिहिलेलंच नाही. फोरमनला विचारून ती ओळही घालते, मगच छापायला देईन.