शब्दचर्चा : मायदेश, मातृदेश आणि फुटून निघणाऱ्या वसाहती

प्रश्न

'अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी मायदेशाविरुद्ध बंड पुकारलं' असं एका लेखात लिहिलं होतं. संपादकांनी 'मायदेश' खोडून 'मातृदेश' केलं. मला खरं तर दोन्ही खटकतात. माय म्हटली की तिच्यापासून सुटायला लेकरू इतकं का धडपडेल? वसाहतींना स्वातंत्र्य का हवंसं झालं, ते या शब्दांतून कळत नाहीच; उलट त्या कृतघ्न वाटतात. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

संपादकांचा बदल योग्य आहे. 'मायदेश' हा ज्याचा त्याचा असतो. 'शिक्षण संपवून मायदेशी परतली' म्हणतो, तेव्हा ती जिथली तो देश. बॉस्टनमध्ये जन्मलेल्या, लंडन कधीच न पाहिलेल्या माणसाचा मायदेश मॅसॅच्युसेट्सच. 'मातृदेश' हे वसाहतीच्या बाजूनं पाहिलेलं नातं आहे : जिथून माणसं गेली आणि ही वस्ती वसली, तो देश. त्यात उगम आहे, माया असेलच असं नाही.

आता कृतघ्नपणाचं. लंडनचं म्हणणं नेमकं तेच होतं. फ्रान्सशी झालेलं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. आम्ही तुमचं रक्षण केलं, आता खर्चाचा वाटा उचला, असा सरळ हिशोब. म्हणून १७६५ चा स्टँप कायदा आला. खरेदीखत, परवाना, वर्तमानपत्र, इतकंच काय पत्त्यांचा कॅट आणि फासे यांवरसुद्धा मुद्रांक. रक्कम फार नव्हती. पण त्याआधी अनेक दशकं या वसाहती आपले कर आपल्याच विधानसभांत ठरवत आल्या होत्या आणि लंडननं तिकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. दुर्लक्षाची सवय लागलेल्याला अचानक लक्ष दिलेलं सोसत नाही.

कायदा दुसऱ्याच वर्षी मागे घेतला. पण त्याच वेळी दुसरा कायदा करून पार्लमेंटनं बजावलं, की वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधणारे कायदे करायचा हक्क आमचाच. दुखणं इथे आहे. १७७३ मध्ये चहाचं पुन्हा तेच. ईस्ट इंडिया कंपनीला सवलत मिळाल्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता. फक्त पौंडामागे तीन पेन्स कर कायम ठेवला होता. तरीही बॉस्टनच्या बंदरात आंदोलकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. भाव चढला म्हणून माणसं भडकतात, एवढंच गृहीत धरणाऱ्याला हे कोडं कधीच सुटणार नाही.

आणि तुमच्या शब्दाबद्दल एक मौजेची गोष्ट. जुलै १७७५ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसनं, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेनं, ब्रिटनच्या राजाला समेटाचा अर्ज पाठवला, त्यात 'मातृदेश' हा शब्द आदरानं वापरलेला आहे. राजानं अर्ज स्वीकारला नाही. ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर म्हणून जाहीर केल्या. जानेवारी १७७६ मध्ये स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या थॉमस पेननं आपल्या पत्रकात या शब्दावरच हल्ला चढवला : हिंस्र पशूसुद्धा आपली पिल्लं खात नाहीत, आणि आमचा जन्मदाता इंग्लंड नव्हे, सगळा युरोप. जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पाहा. त्यात मातृदेश कुठेच नाही, 'ब्रिटिश बांधव' आहेत, तेही बहिरे झाल्याची तक्रार करण्यापुरते. वर्षभरात आई जाऊन भाऊबंद उरले. मराठी माणसाला पुढचं सांगायला नको, भाऊबंदकी म्हटली की वाटणी आलीच.

प्रतिसाद

आईची उपमा त्याहून बरीच जुनी. ग्रीकांमध्ये ज्या नगरातून लोक निघून नवी वस्ती करत, ते नगर 'मेट्रोपोलिस', म्हणजे मातानगरी. इ.स.पू. ४३३ मध्ये कॉर्सायरा (आजच्या कॉर्फू बेटावरची वसाहत) आणि तिची मातानगरी कॉरिंथ समोरासमोर उभ्या ठाकल्या. कॉर्सायराचा युक्तिवाद असा : घरी राहिलेल्यांचे गुलाम व्हायला आम्हाला पाठवलं नव्हतं, त्यांच्या बरोबरीनं नांदायला पाठवलं होतं. वसाहत अमेरिकेसारखी तीन हजार मैलांवर असो की काही दिवसांच्या नौकाप्रवासावर, तक्रार तीच.

प्रश्नकर्ता

म्हणजे सगळीकडे 'मातृदेश' चालेल? अल्जीरियाचा मातृदेश फ्रान्स, भारताचा मातृदेश ब्रिटन?

प्रतिसाद

छे! भारताबाबत तर मुळीच नको. मातृदेश असायला मुळात तिथून आलेली लेकरं हवीत. जिथे आधीच नांदता समाज होता आणि वर परकी सत्ता बसली, तिथे 'सत्ताधारी देश' किंवा 'साम्राज्यसत्ता' म्हणावं. अल्जीरियात घोळ असा, की तिथे दोन्ही होतं. १८४८ पासून फ्रान्सनं तो आपलाच भूभाग मानला, वसाहत नव्हे. सुमारे दहा लाख युरोपीय वंशाच्या रहिवाशांना फ्रान्स मातृदेश होता. बहुसंख्य मुसलमान रहिवाशांना मात्र बरोबरीचं नागरिकत्व दीर्घकाळ मिळालंच नाही. १९५४ ते १९६२ चं युद्ध स्वातंत्र्यासाठी लढले ते हे दुसरे. पहिल्यांना स्वातंत्र्य नकोच होतं. हैती या फ्रेंच वसाहतीतही साखरेच्या मळ्यांवरच्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. त्यांच्यापुढे फ्रान्सला आई म्हणून दाखवावं!

म्हणून कारणंही दोन जातींची. लेकरांच्या वसाहतीत मागणी आधी बरोबरीची असते आणि ती नाकारली गेली की वेगळं होण्याची भाषा सुरू होते. स्पॅनिश अमेरिकेत बड्या जागा मुख्यत्वे स्पेनमध्ये जन्मलेल्या 'पेनिन्सुलारेस'ना. त्यांच्याच रक्ताचे पण अमेरिकेत जन्मलेले 'क्रिओयो' दुय्यम. १८०८ मध्ये नेपोलियननं स्पेनच्या राजाला कैद केलं आणि आता आज्ञा नेमकी कुणाची पाळायची, हा प्रश्न उघडा पडला. ब्राझीलचं तर उलटंच. १८०८ मध्ये पोर्तुगालचा दरबारच रिओला आला, १८१५ मध्ये ब्राझीलला राज्याचा दर्जा मिळाला. १८२१ मध्ये राजा परतल्यावर लिस्बनची संसद ब्राझीलला पुन्हा जुन्या पायरीवर बसवायला निघाली. ७ सप्टेंबर १८२२ ला स्वातंत्र्य घोषित केलं ते राजाच्याच मुलानं, पेद्रोनं.

कॅनडानं हे टाळलं, कारण १८३७ च्या उठावांनंतर लंडनला थोडं शहाणपण आलं. १८४८ च्या सुमारास तिथल्या विधानसभेला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ आलं, १८६७ मध्ये संघराज्य झालं. हळूहळू चूल वेगळी झाली, भांडण न होता.

प्रश्नकर्ता

मग आपल्याकडच्या जुन्या लिखाणात 'वसाहतीचे स्वराज्य' हा शब्द दिसतो, तो कसा? भारत वसाहत नव्हता म्हणता.

प्रतिसाद

तिथे 'वसाहत' म्हणजे भारत नव्हेच. कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे. ब्रिटिश कारभारातही भारताचं खातं वेगळं होतं, वसाहतींचं वेगळं. १९०६ मध्ये कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजींनी स्वराज्य मागितलं ते 'युनायटेड किंगडमसारखं किंवा वसाहतींसारखं'. वसाहतीला आहे तेवढं तरी आम्हाला द्या, असा अर्थ. १९२८ च्या नेहरू अहवालातही तेच, म्हणजे साम्राज्यात राहून स्वराज्य. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला ते सोडून 'पूर्ण स्वराज्य' आलं. तेव्हा जुन्या लेखात 'वसाहतीचे स्वराज्य' दिसलं, तर ते 'वसाहतींना असतं तसलं स्वराज्य' असं वाचा.

तुमच्या मूळ वाक्यात मी 'मातृदेशाविरुद्ध' ठेवीन. पण १७७६ नंतरच्या घटना लिहिताना सरळ 'ब्रिटनविरुद्ध' म्हणेन.