नवे स्पीकर शंभर तास वाजवल्याशिवाय 'मोकळे' होत नाहीत का?

प्रश्न:
नमस्कार. नुकतीच मी साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग) असलेल्या बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेतली. मी मुख्यतः शास्त्रीय गायन आणि तबलावादन ऐकतो. तंबोऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू येते, परंतु डग्ग्याची घुमक फार क्षीण आहे आणि वरचे स्वर कानाला टोचतात. स्पीकर शंभर तास वाजल्यावर मोकळे होतात, तोवर मत बनवू नका, असे विक्रेत्यांनी सांगितले. मात्र परत करण्याची मुदत दहाच दिवसांची आहे. खोली दहा बाय बारा फुटांची असून स्पीकर दहा फुटी भिंतीला लागून आहेत आणि मी साधारण खोलीच्या मधोमध बसतो. थांबावे का?

उत्तर १:
विक्रेत्यांचे म्हणणे निराधार नाही, पण शंभर तासांचा आकडा पटण्यासारखा नाही. वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा शंकूच्या आकाराचा पडदा, दोन ठिकाणी तोललेला असतो: बाहेरच्या कडेला रबराचा किंवा फोमचा सराउंड आणि आतल्या बाजूला, व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) वर, राळेत भिजवून कडक केलेल्या चुणीदार कापडाचा स्पायडर. कोन पहिल्यांदा मोठे हेलकावे घेऊ लागला की या कापडाचा ताठरपणा कमी होतो आणि वूफरची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला तो सर्वांत सहज हलतो ती, थोडी खाली येते. हे मोजता येते. परंतु त्यातला बहुतेक बदल मोठ्या आवाजातल्या पहिल्या काही मिनिटांतच होऊन जातो.

शिवाय ही मोजणी खोक्याबाहेरच्या, सुट्या वूफरची असते. बंद खोक्यात बसवल्यावर आतली हवाच स्प्रिंगसारखे काम करते आणि ती स्पायडरपेक्षा सहसा बरीच ताठ असते, त्यामुळे स्पायडर सैल झाल्याचा परिणाम तयार स्पीकरच्या आवाजात फारच थोडा उरतो. ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या लहान भागाचा, पडदा तर जेमतेम हलतो. टोचणारा आवाज तास मोजून मऊ होईल, अशी आशा मी धरणार नाही.

उत्तर २:
आधी तारा तपासा. दोहोंपैकी एका स्पीकरची लाल आणि काळी तार उलटी जोडली गेली असेल, तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि नेमका खर्जच नाहीसा होतो.

तारा बरोबर असतील, तर तुमची बसण्याची जागा हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. बारा फूट लांबीच्या खोलीत समोरच्या आणि मागच्या भिंतीमध्ये सुमारे ४७ हर्ट्झची पहिली स्थिर लहर (भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने एकाच जागी टिकून राहणारी लहर) उभी राहते आणि तिचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक, तर बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. म्हणजे त्या वारंवारतेपुरते तुम्ही खोलीतल्या सर्वांत शांत जागी बसला आहात! खुर्ची दोन-तीन फूट मागे घ्या आणि तेच ध्वनिमुद्रण त्याच आवाजात पुन्हा ऐका.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट जोडतो. काही आठवड्यांनी स्पीकर सुधारल्याचा जो अनुभव अनेकांना येतो तो खोटा नसतो. कान नव्या आवाजाला सरावतात आणि आधीचा आवाज नेमका कसा होता हे स्मरणात फार काळ टिकत नाही. म्हणूनच थांबणे धोक्याचे आहे, कारण न आवडणाऱ्या स्पीकरचीही सवय होते आणि तोवर मुदत संपलेली असते. तरीही मनात शंका नको म्हणून एक दुपार नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात, खर्ज भरपूर असलेले संगीत लावून ठेवा. ॲम्प्लिफायर मात्र आवाज फाटेपर्यंत वाढवू नका. फाटलेल्या आवाजातली जादा ऊर्जा वरच्या पट्टीत जाते आणि ट्वीटर जळण्याची भीती असते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. तारा बरोबर होत्या. खुर्ची मागे घेतल्यावर डग्ग्याची मींड प्रथमच भरीव ऐकू आली. टोचणे मात्र कायम आहे.

उत्तर २:
फरशी आणि कोऱ्या भिंती वरचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे परतवतात. तुमच्या आणि स्पीकरच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी अंथरा, बाजूच्या भिंतींवर जाड पडदे सोडा आणि स्पीकरची तोंडे सरळ तुमच्याकडे असतील तर ती थोडी बाहेर वळवा, कारण स्पीकरच्या तोंडासमोरच्या सरळ रेषेपासून दूर गेल्यावर ट्वीटरचा आवाज आपोआप उतरतो. एवढे करूनही ख्यालातला तार षड्ज टोचत राहिला, तर तो या स्पीकरचा स्वभावच आहे असे समजून मुदतीच्या आत ते परत करा.