केसतूड, गळू आणि उरलेल्या गोळ्या

विषय: मांडीवर परत गळू, कोणी डॉक्टर आहे का?

नमस्कार मंडळी,

थोरल्याला मांडीच्या आतल्या बाजूला केसतूड झालंय. आधी साधी पुळी होती, कोळी-बिळी चावला असेल म्हणून सोडून दिलं. आता सुपारीएवढं झालंय, लाल, गरम, आणि ठणक्यानं त्याला झोप नाही. मधोमध पिवळं तोंड दिसतंय. ताप नाही. काही महिन्यांपूर्वी काखेत असंच झालं होतं. तो ज्युडो खेळतो, त्याचा काही संबंध असेल का?

त्यात धाकटीच्या नाकाखाली पिवळट खपली धरलीय, खाजवून खाजवून हनुवटीपर्यंत आलीय.

डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. घरात मागच्या घसादुखीच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्यात. तोवर त्या सुरू करू का? फोटो जोडलाय.

— ज्युडोवाल्याची आई

---

उत्तर: मांडीवर परत गळू

अगं, तोंड आलंय ना, मग वाट कसली बघतेस? सुई तापवून टोचायची आणि दाबून पू काढायचा. आमच्या घरी आई हेच करायची. दुसऱ्या दिवशी पोरं खेळायला मोकळी.

— काकू

---

उत्तर: मांडीवर परत गळू

सर्वांना विनंती: फोटो थेट डॉक्टरांना पाठवावेत. यादीवरचे बरेच जण जेवताना मेल वाचतात.

— सचिव

---

उत्तर: मांडीवर परत गळू

ताई,

मी त्वचारोगतज्ज्ञ, आता निवृत्त. फोटोवरून निदान करणार नाही, पण स्टॅफ जंतूंचं (पूर्ण नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस) वागणं ओळखीचं आहे, तेवढं सांगतो. केसतूड, गळू, काळपुळी, नखुरडं, रांजणवाडी यांच्या मागे बहुतेक वेळा हेच असतात. आणि कोळ्यावर फुकट आळ घेऊ नका. 'काहीतरी चावलं' म्हणून येणाऱ्या कितीतरी गाठी स्टॅफच्याच निघतात.

काकूंचं अर्धं बरोबर आहे. पू बाहेर यायलाच हवा. पण सुईनं नाही, आणि दाबून तर मुळीच नाही. गळूभोवती शरीर भिंत घालतं. आत पू, मेलेल्या पेशी आणि जंतू कोंडलेले असतात, कधी एकाला लागून एक असे कप्पेही असतात. सुईच्या भोकातून थोडा पू येतो, बरं वाटतं, भोक मिटतं. बाकीचा पू दाबल्यामुळे आणखी खोल जातो. डॉक्टर जागा बधिर करून चीर देतात, कप्पे मोकळे करतात आणि आत पुन्हा पू साठणार नाही हे बघतात. मिनिटांचं काम आहे.

गोळ्यांकडे येऊ. त्या भिंतीच्या आत रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे रक्तातून येणारं औषध पुरेसं पोचत नाही. अमेरिकेत २०१६ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्यांच्या गळवाला चीर दिली, मग अर्ध्यांना ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्झॉल हे अँटिबायोटिक आणि अर्ध्यांना औषध नसलेल्या गोळ्या. औषधवाल्यांपैकी ८०.५ टक्के बरे झाले, दुसऱ्या गटातले ७३.६ टक्के. गोळ्यांनी भर पडते, नाही म्हणत नाही. पण मुख्य काम चिरेनंच केलं.

तुमच्याकडचं अमॉक्सिसिलिन तर नकोच. फ्लेमिंगला १९२८ साली ज्या बशीत पेनिसिलिनचा शोध लागला, त्या बशीत स्टॅफच वाढत होते. पण पेनिसिलिन वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत ते मोडून टाकणारं विकर बाळगणारे स्टॅफ सगळीकडे पसरले, आणि तेच विकर नुसत्या अमॉक्सिसिलिनलाही निकामी करतं. त्यावर तोडगा म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे स्टॅफ इंग्लंडमध्ये नोंदले गेले. एमआरएसए म्हणतात ते हेच. आज त्वचेच्या संसर्गात ते दवाखान्याबाहेरही भेटतात, म्हणून चीर देताना पू कल्चरला (जंतू वाढवून ते कोणते आणि कुठल्या औषधाला दाद देतात हे बघायच्या तपासणीला) पाठवा असं आवर्जून सांगा. आधीच अर्धवट गोळ्या पोटात असतील तर तो अहवालही फसवा येऊ शकतो.

सोमवारपर्यंत ऊन पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं. वर कोरडी पट्टी. आपोआप फुटलं तर पुसून घ्या, पिळू नका, हात साबणानं धुवा. ताप किंवा थंडी भरली, लाली भराभर पसरली, लाल रेघ वर चढू लागली, दिसतंय त्याच्या मानानं दुखणं फारच जास्त वाटलं किंवा मुलगा मलूल झाला, तर सोमवार विसरा आणि तातडीच्या विभागात जा. नाक, वरचा ओठ, डोळ्याच्या आसपासची पुळी कोणीही फोडू नये. तिथल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांना जोडलेल्या असतात. संसर्ग आत जाणं विरळा, पण गेला तर जिवावर बेततं.

धाकटीचं इंपेटिगो, म्हणजे कातडीचा वरवरचा, खपली धरणारा संसर्ग असावा. मागे स्टॅफ, कधी स्ट्रेप नावाचे दुसरे जंतू, कधी दोन्ही. दोन-चार डाग असतील तर म्युपिरोसिनसारखं मलम पुरतं, तेही डॉक्टरांनी बघून दिलेलं. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कोंबलेल्या ट्यूब लोक वाटेल त्या पुरळावर फासतात. या ट्यूबांनी बिघडवलेली कातडी बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली. तिची नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा.

— डॉक्टरकाका

---

उत्तर: मांडीवर परत गळू

डॉक्टरकाका, हे जंतू नाकात राहतात असं ऐकलंय. मग आम्ही सगळ्यांनी तपासून घ्यायचं का?

— सचिव

---

उत्तर: मांडीवर परत गळू

नको. दहातल्या साधारण तिघांच्या नाकात स्टॅफ असतात आणि बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. कातडीला खरचटलं, इसब असलं, वस्तऱ्यानं कापलं की त्यांना वाट मिळते. ज्युडोत अंगाला अंग घासतं, मॅटवर खरचटतं. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

मात्र गळवं पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्तातली साखर तपासावी. मग नाकपुड्यांत पाच दिवस दोन वेळा म्युपिरोसिन, अंघोळीला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, आणि टॉवेल-चादरींची धुलाई असा बेत डॉक्टर आखतात. २०१२ च्या एका अभ्यासात फक्त आजारी मुलावर उपचार करण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांवर केले तेव्हा त्या मुलाला पुढे संसर्ग कमी वेळा झाले. म्हणून बाबांनाही अंघोळीतून सूट नाही.

— डॉक्टरकाका

---

उत्तर: मांडीवर परत गळू

चीर दिली, ठणका त्याच रात्री गेला. कल्चरमध्ये एमआरएसए आलंय, त्याप्रमाणे गोळ्या दिल्यात. धाकटीची खपली सुकतेय. काकू, सुई ठेवून दिली! आता हा रोज विचारतोय, पट्टी घट्ट बांधून मॅटवर जाऊ का?

— ज्युडोवाल्याची आई

---

उत्तर: मांडीवर परत गळू

पू झिरपतोय तोवर नाही. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी घामानं आणि ओढाताणीत सुटते. जखम कोरडी झाली, डॉक्टरांनी बघितलं, की जाऊ दे. प्रशिक्षकांना मात्र आत्ताच कळवा. मॅट पुसायच्या आहेत, आणि आणखी कोणाला 'कोळी चावलाय' का तेही विचारायचंय.

— डॉक्टरकाका