पाठमोऱ्या माणसांचं चित्र म्हणजे नक्कल का?

संत्रानगरी: मोनालिसासमोर उभी माणसं, असं एक तैलचित्र नागपुरात प्रदर्शनात लागलंय, त्यावर काल इथे कोणीतरी लिहिलं की हे दुसऱ्याच्या चित्रावर पोट भरणं आहे. झोप नाही लागली म्हणून लिहितोय. नीट पाहिलं का ते? सात पाठी, मोनालिसा अंगठ्याएवढी, बापाच्या खांद्यावरचं पोरगं एकटंच मागे वळून आपल्याकडे बघतंय, आणि एका काकांच्या शर्टावरचा घामाचा डाग पातळ रंगाचे थरावर थर देऊन आणलाय, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावं लागतं. तारायंत्रवाल्या मोर्सनं १८३१-३३ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं दालन रंगवलं, त्यात ३८ चित्रं होती, मोनालिसासुद्धा. तीही नक्कलच?

महालकर: मीच लिहिलं होतं. मोर्सच्या वेळी फोटो नव्हते, अमेरिकेतल्या लोकांना दाखवायचं होतं. आता मोबाइलवर सगळं दिसते, मग काहून काढायचं? आपला फुटाळा तलाव रंगवा ना.

संत्रानगरी: अहो भाऊ, चित्र बघणाऱ्यांचं आहे. १९११ मध्ये मोनालिसा चोरीला गेली तेव्हा लोक रिकामी भिंत बघायला गर्दी करत होते!

धरमपेठची ताई: बघणाऱ्यांवरून आठवलं, आमची आजी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, दगडी मूर्तीसमोर चपला काढून हात जोडून उभी राहिली, मी लाजून दूर सरकले. आज वाटतं, मूर्ती तिनंच पाहिली, आम्ही नुसते फिरून आलो.

जुना दगड: इथंच चुकते. १८६३ चं संग्रहालय आहे ते, देऊळ नाही. तेल दगडात मुरलं की निघत नाही.

धरमपेठची ताई: तेल लावलं म्हटलं का मी? आजीबद्दल नीट बोला.

जुना दगड: आजीला काही म्हटलं नाही. पण आज हात, उद्या हार. एका गावात शेंदरानं नाकडोळे बुजलेली जुनी मूर्ती पाहिली, पोटात तुटलं माझ्या.

महालकर: घडवणाऱ्यानं पूजेसाठीच घडवली होती ना ती?

जुना दगड: मग पूजा देवळात करा.

धरमपेठची ताई: आणि संग्रहालयातल्या देवाच्या मूर्ती आधी कुठे होत्या?

जुना दगड: बरं. हात जोडा. हात लावू नका, एवढंच.

संत्रानगरी: चित्राचं काय झालं?

महालकर: आज परत जाऊन आलो. ते पोरगं पहिल्यांदा दिसलंच नव्हतं मले. नक्कल हा शब्द मागे घेतो, बाकी मत तेच. मोनालिसाच्या जागी अजब बंगल्यातली मूर्ती आणि समोर ताईंची आजी असती, तर चारदा गेलो असतो.